खिळे जुळवणारीची लेक

पुण्याहून सोलापूर रस्त्यानं निघालं की यवत मागं पडतं आणि चौफुला येतो. कलाकेंद्रांच्या पाट्या, लावणीच्या बैठकीचे फलक, उसाच्या ट्रॉल्या, चहाच्या टपऱ्या. इथून डावीकडं वळलं की केडगाव. तोच रस्ता पुढं पारगावला भीमा ओलांडून न्हावऱ्यावरून शिरूरला जातो. न वळता सरळ गेलं तर पाटस, आणि तिथून दौंड. माझ्या आजीचं सगळं आयुष्य या तीन गावांत मावलं. आजोळ केडगाव, माहेर शिरूर, सासर दौंड. चौफुल्याला एसटी थांबली की ती पदर पुढं ओढून त्या पाट्यांकडं पाठ करून बसायची, आणि तरीही आज आत कोणती पार्टी आहे हे तिला अचूक माहीत असायचं. वाचता येणाऱ्या बाईला पाठ करून बसण्याचा फारसा उपयोग होत नाही.

केडगावला आजोळ म्हणायचं खरं, पण तिथं तिला आजी-आजोबा नव्हते. तिची आई, म्हणजे माझी पणजी, मुक्ती मिशनमध्ये वाढलेली. १८९९-१९०० चा दुष्काळ गुजरातेत ‘छप्पनियो’ म्हणून ओळखला जातो, कारण तो विक्रम संवत १९५६ मध्ये पडला. त्या दुष्काळात पंडिता रमाबाईंची माणसं गुजरातेत फिरून निराधार मुली केडगावला आणत होती. त्यातल्या एका खेपेत पाच-सहा वर्षांची पणजी आली. गाव कोणतं, जात कोणती, आईनं ठेवलेलं नाव काय, यातलं काहीही आमच्या घरात उरलेलं नाही. आकडे तेवढे उरले. शिवणाचे टाके मोजताना पणजी ‘एक, बे, त्रण’ म्हणायची, आणि तिचं ऐकून आजीही तसंच मोजायची. बाकी दोघींचीही बोली अस्सल शिरूरची.

रमाबाईंना दुष्काळ ऐकून माहीत नव्हता. अनंतशास्त्री डोंगरे आणि लक्ष्मीबाई हे त्यांचे आईवडील १८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यात उपासमारीनं गेले, पाठोपाठ थोरली बहीण गेली, आणि उरलेल्या भावाबरोबर ही मुलगी पायी देश हिंडली. पुढची कलकत्त्याची ‘पंडिता’ पदवी, १८८३ चा वाँटेजचा बाप्तिस्मा, अमेरिका, १८८९ चं मुंबईचं शारदा सदन, हे शाळेच्या पुस्तकात असतं किंवा असायला हवं. आमच्या घरची गोष्ट त्यानंतर सुरू होते. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो मुली आणल्या तेव्हा पुण्यात प्लेगाची धामधूम होती, आणि एवढ्या मुली शहरात ठेवायला सरकारी परवानगी मिळेना. म्हणून केडगाव स्टेशनाजवळ फळबागेसाठी घेतलेल्या जमिनीवर त्यांना हलवलं. आधी तंबू आणि झोपड्या, मग दगडी इमारती. छप्पनियानंतर तिथली वस्ती दोन हजारांच्या घरात गेली.

दोन हजार जणींना रोज जेवायला घालायचं तर हात रिकामे ठेवून चालत नाही. शेती होती, गोठा होता, तेलाचा घाणा, माग, शिवण, धुणीघर होतं, आणि छापखाना होता. पणजी छापखान्यात लागली. खिळे जुळवणं हे त्या काळी पुरुषांचं काम. देवनागरीचा केस म्हणजे खान्यांचं जंगल. अखंड अक्षरं वेगळी, अर्धी वेगळी, जोडाक्षरं वेगळी, मात्रा आणि वेलांट्यांचे खाने आणखी वेगळे. जुळारी उभ्या उभ्या डाव्या हातातल्या पट्टीत एकेक खिळा लावत जातो. खिळ्यावरचं अक्षर आरशातल्यासारखं उलटं, आणि जुळलेली ओळ तपासायची तीही खालची बाजू वर करून. रमाबाई त्या वेळी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर करत होत्या, कमी शिकलेल्या बाईलाही वाचून कळावं असं. नवा करार आधी निघाला. संपूर्ण बायबल १९२४ साली, म्हणजे रमाबाई ५ एप्रिल १९२२ ला गेल्या त्यानंतर. ही सगळी छपाई मुक्तीतच, तिथल्या बायकांच्या हातांनी झाली. शेवटची प्रुफं तपासून संपली आणि बाईंनी डोळे मिटले, असं आमच्याकडं सांगतात. थोर माणसांच्या मरणाभोवती अशा गोष्टी जमतातच. मी ती आहे तशी ठेवते.

पणजीचं लग्न त्याच्या कितीतरी आधी झालं. मुक्तीतली मुलगी मागायला येणाऱ्या मुलाकडं त्याच्या पाळकांची शिफारसचिठ्ठी लागायची. शिरूरच्या मंडळीतला एक सुतार अशी चिठ्ठी घेऊन गेला. मधे टेबल, टेबलापलीकडं बाई, शेजारी पणजी, आणि अलीकडं हा घामाघूम झालेला माणूस चिठ्ठी हातात उलगडून बसलेला. त्यानं ती बाईंच्या हाती देईपर्यंत पणजीनं समोरूनच वाचून टाकली होती. ‘स्वभाव तापट आहे, परंतु मद्य घेत नाही.’ ती हो म्हणाली. माझ्या आजीच्या सांगण्यात या गोष्टीला कधी फाटा फुटला नाही, आणि पणजोबांच्या तापट स्वभावाचे दाखलेही तिच्याकडं भरपूर होते, त्यामुळं मी ती खरी धरते.

मुक्तीबद्दल आमच्या घरात नुसतं गोड बोललं जात नसे. तिथला दिवस घंटेवर चाले. मुलींची नावं बदलली, भाषा गेली, मागचा धागा तुटला. १९०५ मध्ये तिथं जी मोठी धार्मिक जागृती झाली, मुली तासन् तास रडत प्रार्थना करत होत्या, तिची बातमी जगभरच्या ख्रिस्ती मासिकांत पोचली. पणजीला त्यातलं एवढंच आठवायचं, की त्या दिवसांत दळण मागं पडलं होतं. जीव वाचला, नाव गेलं, अक्षर आलं. यातलं काय कशाच्या बदल्यात, हे ठरवायला मी पणजीच्या जागी नाही.

शिरूरला जुनी माणसं अजून घोडनदी म्हणतात. नदी ओलांडली की नगर जिल्हा. इंग्रजांची इथं छावणी होती. ३१ डिसेंबर १८१७ ला कॅप्टन स्टाँटनची तुकडी इथूनच निघाली आणि दुसऱ्या दिवशी कोरेगाव भीमाची लढाई झाली. पणजोबांच्या घराण्यातला कुणीतरी त्या तुकडीत होता म्हणे. या पट्ट्यातल्या पुष्कळ घरांत एक पूर्वज कोरेगावला लढलेला असतो आणि त्याचा कागद कुणाकडंच नसतो.

छावणीतल्याच कर्नल वॉलेसची कबर शिरूरला आहे. तो १८०९ मध्ये वारला आणि पुढं ‘सतपुरुष’ झाला. सुगीला लोक नव्या धान्याचा नैवेद्य त्याच्या कबरीला दाखवत, हे जुन्या मुंबई गॅझेटियरनंच नोंदवून ठेवलंय. आजीच्या लहानपणी शेजारणी तिला म्हणायच्या, “तुमच्याच धर्माचा ना गं तो? मग तू का नाही पाया पडत?” त्यावर आजीनं सांगितलं, “आमच्या धर्मात साहेबाच्या पाया पडत नाहीत.” हे उत्तर तिचं की तिच्या वडिलांचं, यावर घरात दोन मतं आहेत. पण गावच्या हिंदू बायका इंग्रजाच्या कबरीला नारळ फोडतायत आणि ख्रिस्ती सुताराची पोर बाजूला हाताची घडी घालून उभी आहे, हे चित्र मला फार आवडतं. धर्मांतरावर मोठमोठ्यानं बोलणाऱ्या कुणालाच ते नीट वापरता येणार नाही.

अमेरिकन मराठी मिशन १८१३ मध्ये मुंबईत आलं, १८३१ मध्ये नगरला, आणि तिथून पुढं शिरूरला. रेव्हरंड रिचर्ड विन्सर हे या मिशनचे गृहस्थ शिरूरला कित्येक वर्षं होते. नुसती बाराखडी शिकून पोट भरणार नाही हे त्या पिढीच्या मिशनऱ्यांना दुष्काळांनी शिकवलं होतं, म्हणून शाळेला जोडून हाताचं काम असे. पणजोबा रंधा मारायला तिथंच शिकले. घायपाताचा वाख काढून दोर वळायचं कामही मिशनच्या आवारात चाले असं आजी सांगायची, आणि त्या पानांचा चीक हाताला लागला की किती खाजतं, हे सांगताना तिचा हात आपोआप कोपरापर्यंत खाजवला जायचा.

आजी या घरातलं शेंडेफळ, १९३० च्या आगेमागे जन्मलेली. तिची अक्षरओळख चुलीपाशी झाली. मधे चूल, पलीकडं पणजी भाकरी थापतेय, अलीकडं आजी मांडीवर पुस्तक घेऊन मोठ्यानं वाचतेय. पणजीला पुस्तक उलटं दिसायचं. तरी भाकरी परतता परतता ती चूक धरायची, “वेलांटी दुसरी आहे, नीट बघ.” आजीला वाटे, सगळ्याच आया असं वाचतात. नंतर कळलं की शेजारच्या आयांना सुलटंही वाचता येत नाही. मग खेळ म्हणून ती स्वतःही समोरच्याच्या हातातलं वाचायला शिकली. दुकानदाराची उधारीची वही, मास्तरांचं हजेरीपुस्तक, पाळकसाहेबांच्या पुढ्यातलं पत्र. दुसऱ्याच्या हातातला कागद वाचणं चांगल्या मुलीला शोभत नाही, असं पाळकीणबाईंनी तिला एकदा बजावलं. तिनं ते ऐकून घेतलं.

मराठी सातवी झाली. नगरला जाऊन शिक्षिकेचं ट्रेनिंग करायचं ठरलं होतं. वडील अंथरुणाला खिळले आणि ते राहिलं. हे ती आयुष्यात एकदाच बोलली, तेही माझ्या आत्यानं कॉलेज सोडायचं म्हटलं तेव्हा.

लग्न होऊन ती दौंडला आली. जुन्या कागदांत या गावाचं नाव धोंड. पुणे-सोलापूर मार्गावरचं जंक्शन, आणि इथूनच मनमाडला फाटा जातो. तो फाटा १८७८ मध्ये सुरू झाला. १८७६-७८ च्या मोठ्या दुष्काळात लोकांना मजुरी मिळावी म्हणून त्याचं मातीकाम काढलं होतं. आजोबांचे आजोबा त्या भरावावर पाट्या वाहत होते असं आजोबा सांगत. म्हणजे एका दुष्काळानं माझं सासरकडचं घराणं रुळांवर आणलं आणि दुसऱ्यानं आजीची आई केडगावला आणली, असं आजी म्हणायची. ‘सासरकडचं’ म्हणजे तिच्या. गोष्ट सांगताना ती कधी कधी स्वतःला विसरून आमच्या तोंडानं बोलायची.

आजोबा लोको शेडला आधी क्लीनर, मग फायरमन. वाफेच्या इंजिनांचा काळ. दौंडची गंमत अशी, की मनमाडकडून पुण्याला जाणाऱ्या गाडीला इथं तोंड फिरवावं लागायचं. इंजिन सोडायचं, दुसऱ्या टोकाला जोडायचं. त्यात अर्धा तास सहज जाई, आणि त्या अर्ध्या तासावर दौंडातली कितीतरी घरं चालत. कुणी चहा विकायचं, कुणी उकडलेली अंडी, कुणी नुसतं थंड पाणी. आता कॉर्ड लाइन झाली आणि पुष्कळ गाड्या दौंडला बगल देऊन जातात.

रात्री दोन-अडीचला कॉलबॉय यायचा. कंदील वर करून क्वार्टरचा नंबर बघायचा, कडी वाजवायचा, वहीवर सही घ्यायचा. त्याला कधी दुसऱ्यांदा कडी वाजवावी लागली नाही, कारण आजी त्याच्या आधी उठलेली असे. आजोबांची ड्यूटी कधी आहे हे तिला कसं कळायचं, याचा उलगडा त्यांना शेवटपर्यंत झाला नाही. मला वाटतं ती नीट झोपतच नसावी. उठली की आधी गुडघ्यांवर. तिची प्रार्थना पुटपुटती नव्हती. शेजारच्या घराला ऐकू जाईल अशा आवाजात ती प्रभूला कामं सांगायची. अमक्याचा ताप उतरव, तमक्याची बदली थांबव, मोठ्याला गणितात पास कर, आणि गाडीच्या पुढं गुरं येऊ देऊ नकोस. मग ‘आमेन’ आणि त्याच दमात “उठा हो, कॉल आलाय.” शेडच्या राखेतून वेचून आणलेला अर्धवट जळका कोळसा शेगडीत पडायचा. डब्यात भाकऱ्या, सुकटीची चटणी, कांदा. डबा जड असायचा, कारण फायरमन घरी परत कधी येईल याचा भरवसा नसे.

शिवणयंत्र तिनं पाटल्या मोडून घेतलं, एका अँग्लो-इंडियन ड्रायव्हरच्या बायकोकडून. स्वातंत्र्यानंतर ती मंडळी एकेक करून इंग्लंडला, ऑस्ट्रेलियाला निघाली होती आणि रेल्वे कॉलनीत दर महिन्याला कुणाचं तरी सामान विकायला निघे. नोव्हेंबर लागला की कॉलनीतल्या फ्रॉकांची शिलाई सुरू होई आणि नाताळच्या आदल्या रात्रीपर्यंत पायडल थांबत नसे. आपल्या मुलांचे कपडे सगळ्यात शेवटी. माझ्या वडिलांना एका नाताळला एका बाहीची काजं राहिलेला शर्ट घालून देवळात जावं लागलं. त्यांच्या कॉलनीत दोन प्रकारचा नाताळ असायचा. बंगल्यांत केक, चाळीत करंज्या, शंकरपाळी आणि चकल्या. चोवीसच्या रात्री ढोलकी आणि पेटी घेऊन गाणारी पोरं आधी बंगल्यांकडं जात, कारण तिथं पैसे मिळत, आणि मग चाळीत येत, कारण तिथं खायला मिळे. रोजच्या पिठातली एक मूठ आजी पत्र्याच्या वेगळ्या डब्यात टाकायची. ती देवाची. महिन्याअखेरी घरचं पीठ संपलं तरी त्या डब्याला हात लागत नसे, आणि यावरून माझ्या आईचं तिच्याशी एकदा चांगलं वाजलं होतं.

सासू म्हणून ती सोपी नव्हती, हे इथंच सांगून टाकते. सिनेमा पाप, पत्ते पाप, रविवारी सुई हातात घेणं पाप. रविवारच्या शाळेत ती मुलांना शिकवायची आणि चुकीच्या चालीवर गीत म्हणणाऱ्याला भर वर्गात थांबवायची. सुनांच्या भाकरीच्या काठावर तिनं आयुष्यभर टीका केली. मुलींना मात्र मुलांइतकंच शिकवलं; दोघी आत्या नर्स झाल्या, एक शिक्षिका. तिसरीच्या पहिल्या पगारातून आजीनं स्वतःसाठी एकच गोष्ट मागून घेतली, चष्मा.

आता ७२ चा दुष्काळ. तो काळ पाहिलेल्या माणसाला लाल मिलो म्हटलं तरी तोंडात ती चव येते. रेशनवर अमेरिकेतून आलेली ती लाल ज्वारी, कामावर मिळणारी सुकडी, आणि गावोगाव निघालेली खडी फोडण्याची, पाझर तलावांची कामं. शिरूर, दौंड, बारामती, पुरंदर, सगळीकडं तेच. बारामतीकडं चर्चच्या ‘कासा’ संस्थेच्या धान्यावरही तलावांची कामं चालली होती, त्यामुळं लोक आजीला म्हणायचे, “तुमच्या चर्चचं धान्य, तुम्हाला जादा मिळत असेल.” आजी म्हणे, “रांगेत माझ्या मागं उभे राहा आणि बघा.” दौंडला निदान आजोबांचा पगार होता. शिरूरला तिचा भाऊ वारलेला, भावजय चार मुलं घेऊन खडीवर. आजी शनिवारी पीठ-डाळीचं गाठोडं घेऊन एसटीनं शिरूरला जायची आणि रात्रीत परत यायची, कारण रविवारी उपासना.

एका शनिवारी ती पोचली तेव्हा कामावर पगार वाटप चालू होतं. पत्र्याची शेड, टेबल, टेबलामागं मस्टर कारकून. बायका रांगेत. कारकून नाव पुकारायचा, रक्कम हातावर ठेवायचा आणि मस्टरवर बोटानं जागा दाखवायचा, तिथं अंगठा. शाईचं पॅड कोरडं पडलं होतं म्हणून बायका अंगठा आधी कपाळावरच्या घामात ओला करत होत्या. भावजयीची पाळी आली. “चार दिवस,” कारकून म्हणाला. भावजय आठवडाभर खाडा न करता गेली होती, पण तिनं अंगठा पुढं केला. तिच्या मागं आजी उभी. मस्टर कारकुनाकडं तोंड करून उघडं होतं. आजीनं ते समोरून वाचलं. सहा दिवसांची हजेरी, सहा दिवसांची रक्कम.

तिनं भावजयीचं मनगट धरलं.

“दादा, सहा लिहिलेत. सहाचे द्या.”

“बाई, मस्टर तुमच्याकडं आहे का माझ्याकडं?”

“तुमच्याकडंच आहे.” आणि तिनं बोट न लावता वरून खाली वाचायला सुरुवात केली. नाव, दिवस, रक्कम. पुढचं नाव, दिवस, रक्कम. प्रत्येक नावाला रांगेतली एक बाई वर बघायची. सातव्या-आठव्या नावाला कारकुनानं मस्टर मिटलं. तोवर रांग मोडून बायका टेबलाभोवती आल्या होत्या. त्या दिवशी सगळ्यांना सहाचे पैसे मिळाले. पुढच्या आठवड्यात भावजयीला लांबच्या कामावर टाकलं, रोज जाऊन-येऊन तीन कोस चाल. आजीनं मग तिला त्या उन्हाळ्यात सही शिकवली आणि आकडे ओळखायला शिकवले. सुलट्या बाजूनं आणि उलट्याही. भावजय वरमून म्हणायची, “अक्का, मला सुलटं आलं तरी पुरे.” आजी म्हणाली, “मस्टर काय तुझ्याकडं तोंड करून उघडणारेत?”

ही गोष्ट मी आजीकडून ऐकली नाही. तिच्या भावजयीनं सांगितली, आजी गेल्यावर. आजीच्या लेखी ते सांगण्यासारखं काही नव्हतं. ती सांगायची तर मोशेची आणि रूथची गोष्ट सांगायची. पण मला विचाराल तर मुक्तीच्या छापखान्याचा इतिहास त्या पत्र्याच्या शेडमध्ये पुरा होतो. केडगावला एका पोरक्या पोरीला खिळे वाचायला शिकवले, आणि साठेक वर्षांनी वीस-बावीस कोसांच्या आत कुठल्यातरी खडीवर काही बायकांना दोन दोन दिवसांची मजुरी जादा मिळाली. मिशनच्या अहवालात अशी नोंद होत नाही, कारण तिथं बाप्तिस्मे मोजतात. ‘धर्मांतराचा डाव’ शोधणाऱ्यांच्याही हाती ती लागत नाही, कारण तेही बाप्तिस्मेच मोजतात.

‘भाकरीसाठी बाटलेले’ हे आमच्या लोकांनी पिढ्यान् पिढ्या ऐकलं. आजोबांचं घराणं नगरकडच्या महारवाड्यातलं, १८७६-७८ च्या दुष्काळानंतर ख्रिस्ती झालेलं. त्याच भावकीतले काही जण १९५६ नंतर बौद्ध झाले. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. पुढं १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आले नाहीत. त्यामुळं एकाच पणजोबांच्या दोन पतवंडांना दोन वेगळे अर्ज भरावे लागतात. यावर माझे काका तावातावानं बोलायचे. आजीला कुणी भाकरीचा टोमणा मारला तर ती चिडायची नाही. “हो, भाकरीसाठीच,” म्हणायची. “भूक लागली होती.” आणि हातातलं काम चालू ठेवायची.

८ मे १९७४ ला रेल्वेचा संप झाला, वीस दिवस. पगार बंद, घरात आजोबा, दारात पोलीस. ते वीस दिवस शिवणयंत्रानं घर ओढलं. आजोबा त्या काळात काजं करायला शिकले आणि चांगली करायचे, असं आजी कौतुकानं सांगे.

म्हातारपणी तिला शिरूरला परत जावंसं वाटायचं. घोडनदीवर धरण झालं, कुकडीचं पाणी आलं, रांजणगावला कारखाने आले, तिचं माहेरचं घर पाडून तिथं दुकानगाळे झाले. ती एकदा जाऊन बघून आली आणि म्हणाली, बरं झालं, गळत होतं. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर ती पुन्हा वाचायला लागली. सकाळी शास्त्र, दुपारी पेपर, आणि संध्याकाळी समोर बसलेल्याच्या हातातलं जे असेल ते. माझा दहावीचा निकाल मी तिला सांगायच्या आधी तिला कळला होता. २००८ च्या पावसाळ्यात ती गेली. दौंडच्या दफनभूमीत चिखल इतका होता की खड्ड्यातलं पाणी उपसायला शेडमधली जुनी माणसं बादल्या घेऊन उतरली, आणि उतरताना त्यांनी तिला ‘सलाम बाई’ म्हटलं, कारण त्यातल्या तिघांना तिनं रविवारच्या शाळेत शिकवलं होतं.

आता वाचकांना एक विनंती. गावोगावच्या मंडळ्यांकडं बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांच्या जुन्या नोंदवह्या असतात. त्यातल्या कितीतरी वाळवीनं, ओलीनं, आणि ‘जुनं रद्दीत द्या’ म्हणणाऱ्यांनी खाल्ल्या. शिरूर, दौंड, केडगाव, नगर या बाजूला तुमचं घर असेल आणि अशी वही, मुक्तीच्या छापखान्याचं पुस्तक किंवा पाळकाची एखादी शिफारसचिठ्ठी हाती असेल, तर आज मोबाइलवर तिचे फोटो काढा. पानाच्या चारही कडा दिसतील असे. आणि घरात ऐंशीच्या पुढची बाई असेल तर तिच्याजवळ बसून तिच्या आईबद्दल विचारा. ती ख्रिस्ती कोणत्या साली झाली हे नंतर विचारलं तरी चालेल. काय काम करत होती, हे आधी विचारा.